आईचा दुपारचा हात

आईने माझी वेणी घालणं थांबवलं तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं आहे. मी बारा वर्षांची होते. रोज सकाळी ती मला पुढ्यात बसवून दोन वेण्या घाली आणि इतक्या घट्ट ओढी की माझे डोळे वर ताणले जात. त्या हिवाळ्यात एका सकाळी तिने कंगवा आत्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "वन्सं, आजपासून हिची वेणी तुम्ही घाला." कारण काही सांगितलं नाही. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आई स्टोव्हला पंप मारायला बसली होती. तिची बोटं दांडीभोवती वळत नव्हती. शेवटी तिने उघड्या तळव्याने दाबून दाबून पंप मारला. दोन्ही हातांची पेरं सुजून तकतकीत झाली होती. मी बघते आहे हे लक्षात येताच तिने हात पदराखाली घेतले आणि मला अभ्यासाला पिटाळलं. माझा रुसवा तिथेच संपला आणि त्याच्या जागी भीती आली.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गोरखी वाड्याच्या मागच्या एका गल्लीत तीन खोल्यांत राहत होतो: आई, माझे वडील म्हणजे दादा, मी आणि दादांची विधवा थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. दादांचे पूर्वज दख्खनमधून घोड्यावर बसून आले होते असं आत्या सांगे. दादांच्या वाट्याला मात्र दरबारच्या दप्तरातली कारकुनी आली होती. जुने मोडी कागद वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, दप्तर हिंदीत गेलं आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला अशी फिरू लागली. तिच्याबरोबर दादाही फिरू लागले. घरात त्याची सवय होते न होते तोच मध्यप्रदेश झाला आणि राजधानी कायमची भोपाळला गेली. दादांच्या कचेरीतल्या फायली पेट्यांत बंद होऊन रवाना झाल्या, आणि चार दिवसांनी दादाही. तिथे राहायला जागा मिळाली की एप्रिलनंतर आम्हा सगळ्यांना नेणार, असं ठरलं होतं.

आई एका मराठी मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत असे. फळ्यावरचं तिचं अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गांतल्या बाया यायच्या. शाळा खाजगी संस्थेची होती, पण नव्या राज्यात ती सरकारात जाणार असं बोललं जात होतं. म्हणजे दादांची कचेरी गेली, आईची शाळा बदलणार आणि त्याच हिवाळ्यात आईचे हात गेले. आत्या म्हणे, सगळ्यावर एकदमच साडेसाती आली आहे.

सुरुवातीला घरचेच उपाय झाले. आत्याने एरंडेल आणि सुंठीचा काढा दिला, कढईत रेती तापवून पुरचुंडीने शेकलं, निर्गुडीचा पाला बांधला. शेजारच्या काकूंनी सराफ्यातल्या कुणा वैद्याकडून सुवर्णभस्म आणायला सांगितलं. शेकल्याने आईला घटकाभर बरं वाटे, पण रोज संध्याकाळी बारीक ताप येई. हातांमागोमाग मनगटं सुजली, मग पावलं. जानेवारीत ती इतकी वाळली की ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. "वातच आहे," आत्या म्हणाली. "डॉक्टरच्या मागे कशाला लागून राहिलीस? थंडी गेली की जाईल."

आईने ऐकून घेतलं, आणि रविवार गेल्यावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून, मला बरोबर घेऊन टांग्याने इस्पितळात गेली. मला नेलं ते टांग्यातून उतरताना धरायला. तेही तिने आधी सांगितलं नाही, तिथे गेल्यावर नुसता हात पुढे केला.

डॉक्टर फाळणीनंतर पंजाबातून आलेले वयस्क गृहस्थ होते. त्यांनी आईची बोटं एकेक करून, जणू काचेची आहेत अशी, दाबून पाहिली. सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात, हे तीन-तीनदा विचारलं. रक्त तपासायला घेतलं आणि पुढच्या खेपेला आजाराचं नाव आईच्या वहीत देवनागरीत लिहून दिलं: रूमेटॉइड आर्थरायटिस. म्हणाले, हे म्हातारपणाचं झिजणं नाही आणि थंडीचं दुखणंही नाही. तरुण बायकांनाही होतं. पूर्ण बरं करणारं औषध अजून कुणाकडे नाही, पण आवरता येतं.

"कशामुळे होतं?" आईने विचारलं. आपण कुणाला घालून पाडून बोललेलं काही, कुठलं पथ्य मोडलेलं, कसलं तरी पाप, असं काहीतरी ऐकायची तिची तयारी होती, असं तिने मला पुढे सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बहनजी, सच ये है कि पक्का किसी को नहीं मालूम। कुछ लोगों का ख़याल है कि बदन की जो फ़ौज बाहर के दुश्मन से लड़ने के लिए है, वो ग़लती से अपने ही घर पर टूट पड़ती है।"

 आई मराठीतच, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "म्हणजे मी काही केलेलं नाही." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, पण ते समजले. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. टांग्यात बसल्यावर आईचा चेहरा जातानाच्यापेक्षा मोकळा होता. आजार तोच होता, हात तेच होते, पण दोष तिच्या डोक्यावरून उतरला होता.

'ऑटोइम्यून' हा शब्द मी स्वतः ऐकला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, ग्वाल्हेरातल्याच दर्पण कॉलनीत राहायला आल्यावर, माझ्या थायरॉइडच्या निमित्ताने. माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर मला समजावून सांगायला लागला की शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकं समजते, अशा आजारांची बरीच रूपं असतात, एका घरात एकाला सांध्यांचा तर दुसऱ्याला थायरॉइडचा असंही होतं. मी त्याला सांगितलं की हा धडा मी बाराव्या वर्षी शिकले आहे. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे.

डॉक्टरांनी आईला ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि दर आठवड्याला सोन्याच्या क्षाराचं इंजेक्शन सुरू केलं. सोनं टोचतात हे कळल्यावर गल्लीत आठवडाभर तोच विषय होता. काकूंना वाटलं, आपलाच सल्ला खरा ठरला. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की हे भस्म नव्हे, हे जपून द्यायचं औषध आहे. दर वेळी आधी लघवी तपासायची, अंगावर पुरळ आलं किंवा तोंडात फोड आले की लगेच सांगायचं, आणि तीन-चार महिने तरी गुण येण्याची वाट पाहायची. आत्याला ही गोष्ट पटेना. सोन्याचं औषध आणि चार महिने गुण नाही, हे कसलं सोनं?

ते चार महिने आईने वाट पाहण्यात घालवले नाहीत. डॉक्टरांनी सकाळच्या आखडण्याबद्दल इतक्यांदा विचारलं होतं, त्यावरून तिने एक नवी वही सुरू केली. रोज उठल्यापासून ती थोड्या थोड्या वेळाने लाटणं मुठीत धरून पाही, शाळेतही ते पिशवीतून नेई. मूठ लाटण्याभोवती पूर्ण कधी मिटली, ती वेळ वहीत लिहायची. सकाळी तिला पेन धरता येत नसे आणि मी तिच्याच शाळेत होते, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. साडेदहा. पावणेअकरा. साडेअकरा, काल धुणं जास्त झालं. दहा, रात्री चांगली झोप. आदल्या दिवशी काय केलं, काय खाल्लं, कधी निजली, सगळं त्यात असे. मला ते काम फार आवडे. घरातलं सर्वात महत्त्वाचं दप्तर माझ्या ताब्यात आहे असं वाटे.

दीड महिन्याने तिने वही उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचली. थंडीने फरक पडत होता, पण समजत होतो तितका नाही. चिंच-दह्याने तर काहीच पडत नव्हता, त्यामुळे आत्याने बंद केलेली कढी परत सुरू झाली. ज्या दिवशी ती दमेपर्यंत काम करी, त्याच्या दुसऱ्या दिवशी मूठ हमखास उशिरा मिटे. आणि ज्या दिवशी ती नुसती पडून राही, त्याच्याही दुसऱ्या दिवशी तसंच. थोडं काम, थोडी विश्रांती, असं चाललं तर बरं. बारा ते चार या वेळात हात जवळजवळ तिचा असे.

मग तिने घर त्या चार तासांभोवती नव्याने लावलं. बाहेर राज्याची पुनर्रचना चालली होती, आत आमच्या स्वयंपाकघराची. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बोटं हलवायची. कणीक आत्याने मळायची. भांडं एका हाताने कडीला धरून उचलायचं नाही, दोन्ही तळव्यांवर घ्यायचं. ओले कपडे तिने पिळायचे नाहीत, नळाला वेढा घालून मी पिळायचे. डब्यांची घट्ट झाकणं गेली, वर कापड बांधलं. पेनाला चिंध्या गुंडाळून तिने ते मक्याच्या कणसाएवढं जाड केलं, म्हणजे मूठ अर्धी मिटली तरी चाले. शाळेत मोठ्या बाईंना सांगून तिने फळ्यावरचे तास मधल्या सुट्टीनंतर घेतले, सकाळी पाठांतर आणि तोंडी गणित. मोठ्या बाईंनी कारण विचारलं नाही.

दादा सुट्टीत आले तेव्हा तिचे हात पाहून हादरले. भोपाळला परत गेल्यावर त्यांनी पत्र लिहिलं: नोकरीचा राजीनामा दे, एप्रिलची वाट पाहू नकोस, इथे ये, विश्रांती घे. आईने दुपारी दोन वाजता उत्तर लिहिलं. मी ते पोस्टात टाकलं, आणि टाकण्याआधी वाचलं. तीनच ओळी होत्या. औषध इथे चालू आहे, ते मध्येच सोडायचं नाही. शाळा सरकारात जाते आहे, आता सोडली तर पुन्हा मिळायची नाही. नुसत्या विश्रांतीने हात जास्त आखडतो, हे वहीत आहे.

मार्चमध्ये शाळेचा हुकूम आला. सरकारी सेवेत ज्यांना घ्यायचं, त्या शिक्षकांनी हिंदीची लेखी परीक्षा द्यायची, तीन तासांची, आणि डॉक्टरांच्या मंडळाकडून प्रकृती ठीक असल्याचा दाखला आणायचा. परीक्षा मेच्या सुरुवातीला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, म्हणून परीक्षेची वेळ सकाळी सात ते दहा.

सात वाजता आईला साडीची निरी धरता येत नसे.

मोठ्या बाई त्या संध्याकाळी घरी आल्या. त्यांचा सल्ला सरळ होता: आजाराचा शब्दही कुणाकडे काढू नका. प्रकृतीचा दाखला नाकारायला तेवढं कारण पुरेल, नाव यादीतून जाईल. परीक्षेला बसा, जेवढं लिहिता येईल तेवढं लिहा. आत्याचंही तेच म्हणणं होतं. आठवड्याने दादांचं पत्र आलं, त्यातही तेच.

आई म्हणाली, "लपवून बसले तर सात वाजता लिहू कशाने? कोरा पेपर जाईल. मग लोक म्हणतील, बाईंना हिंदी येत नाही. मला हिंदी येते. हात सकाळी येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती नव्या शिक्षणाधिकाऱ्यांना भेटायला गेली. ते छत्तीसगडकडून बदलून आलेले होते, ग्वाल्हेरची माणसं आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा दोन्ही त्यांना नवे. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं. आईने डॉक्टरांची चिठ्ठी आणि ती वही टेबलावर ठेवली आणि दुपारी परीक्षेला बसू देण्याची विनंती केली. अधिकाऱ्यांनी वही बराच वेळ चाळली. माझ्या अक्षरातली ती पानं त्यांनी वाचली, म्हणून मला लाज वाटत होती, कारण एका ठिकाणी मी शाईचा डाग पाडला होता.

"आप ये छिपा भी सकती थीं," ते म्हणाले. आईने उत्तर दिलं की ज्या खात्यात नोकरी करायची आहे, तिथे पहिल्याच दिवशी खोटं सांगून जायचं नाही.  मग त्यांनी अडचण सांगितली. वेळ बदलायला नियम आड येत नाही, कारण याला नियमच अजून झालेला नाही. प्रश्नपत्रिका मात्र दुसरी काढावी लागेल, ती ते काढतील. पण मेमधल्या दुपारी लूचा गरम वारा चालू असताना तीन तास पहारा द्यायला कोण बसणार? दुसऱ्या शाळेतला कुणी तयार असेल तर नाव आणून द्या.

आई तीन शाळांत गेली. चिंध्यांची चप्पल घालून, कारण पावलं सुजलेली होती. दोन ठिकाणी लोकांनी हसून नाही म्हटलं. तिसऱ्या शाळेतले चित्रकलेचे म्हातारे मास्तर म्हणाले, मला नाहीतरी दुपारी झोप येत नाही, मी बसतो.

परीक्षेच्या दिवशी एक वाजता आम्ही निघालो. रस्ता पांढरा झाला होता, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येत होता. मी लू बाधू नये म्हणून कांदा खिशात ठेवून, डोकं ओढणीने गुंडाळून चालत होते. आईने हात उघडे ठेवले होते. "मला मानवते ही लू," ती म्हणाली. "सगळे हिला शिव्या देतात, पण माझी बोटं बघ."

मास्तर एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, मध्ये तीस रिकामे बाक. मला दाराबाहेर सुरई घेऊन बसायची परवानगी होती. चिंध्या बांधलेलं पेन तिने मुठीत धरलं आणि लिहायला लागली. दर अर्ध्या तासाने थांबून दोन्ही हात उन्हाने तापलेल्या खिडकीच्या दगडावर ठेवी, बोटं उघडमीट करी, पुन्हा लिही. शेवटच्या तासाला तिचा चेहरा पांढरा पडला. मी पाणी नेलं तर ती दोन्ही तळव्यांत पेला धरून पाणी प्याली आणि रिकामा पेला परत देताना मला म्हणाली, "निबंध राहिलाय. जा." पाच वाजता मास्तरांनी पेपर घेतला, वरचं पान पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

आई पास झाली. निबंधात गुण कमी पडले, कारण मराठीचं नपुंसकलिंग हिंदीत कुठे पाठवावं याचा तिचा गोंधळ झाला होता. पुस्तक, दुकान, दही, सगळ्यांचं लिंग चुकलं होतं. ते ती पुढे हसून सांगे. डॉक्टरांच्या मंडळाने शिकवण्याच्या कामाला योग्य असा शेरा दिला, दर वर्षी तपासणीच्या अटीवर. मोठ्या बाईंनी पेढे वाटले आणि स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की त्यांचा सल्ला चुकला होता.

सोन्याच्या इंजेक्शनांनी जूनमध्ये गुण दाखवला. माझ्या वहीत मूठ मिटण्याची वेळ नऊवर आली, मग आठवर. त्यानंतरचं सगळं सरळ गेलं असं नाही. तीन वर्षांनी लघवीत दोष दिसला म्हणून सोनं बंद करावं लागलं, आणि दोनदा आजार असा उसळला की ती महिनाभर अंथरुणात होती. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला झुकली, ती तशीच राहिली. पण ती वयोमानाने निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली, आणि आमच्या गल्लीत, पुढे आख्ख्या लष्करात, कुणा बाईची बोटं सुजली की तिला आमच्या घरी पाठवायचे. आई औषध सांगत नसे. डॉक्टरकडे जायला सांगे, आणि वही कशी ठेवायची ते शिकवी.

आणि दादा. एप्रिल गेला, आम्ही भोपाळला गेलो नाही. दोन वर्षं ते सुट्ट्यांना येत-जात राहिले. दर खेपेला आईचा हात हातात घेऊन बघत, पण राजीनाम्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. महसुलाचं एक मोठं कार्यालय नव्या राज्यातही ग्वाल्हेरला ठेवलं होतं. दादांनी अर्ज करून तिथे बदली मागून घेतली. भोपाळला राहिले असते तर बढती मिळाली असती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बदलीनंतर एकदा त्यांचे एक जुने सहकारी घरी आले होते. चहा झाला, आणि त्यांनी विचारलं की राजधानी सोडून उलट दिशेने यायला काय झालं, वरच्यांशी काही बिनसलं का? त्या काळात अशा प्रश्नाला म्हातारे आईवडील, हवापाणी, काहीही उत्तर देता आलं असतं.

दादा म्हणाले, "हिची नोकरी इथे आहे. हिने ती कशी मिळवली ते तुम्हाला माहीत नाही."

आई आत चहाची भांडी उचलत होती. दोन्ही तळव्यांवर तबक घेऊन ती दारात जरा वेळ उभी राहिली, आणि मग पाहुण्यांना आणखी चहा हवा का, असं विचारायला बाहेर आली.